छापखान्यातल्या जुन्या पीसीएक्स-टिफ फायली कशात बदलाव्यात?

शाईवाला
आमच्या प्रेसच्या जुन्या सीडी काढल्यात. पत्रिकांचे गणपती, वेलबुट्टीच्या चौकटी, सनई-चौघडा, शिवाय अहवालांची रंगीत मुखपृष्ठं. सगळ्या चित्रांच्या फायली: बहुतेक पीसीएक्स, बऱ्याच टिफ, थोड्या टार्गा. हजाराच्या वर असतील. आमचा ऑपरेटर म्हणतो, सरसकट जेपेग करून टाकू. विंडोजवर चालणारं फुकट काही आहे का? ऑनलाइन साइट नको, गिऱ्हाइकांची कामं आहेत.

वळणदार
जेपेग अजिबात नको! चौकटी आणि गणपती म्हणजे लाइन आर्ट, एका पिक्सेलला एक बिट, म्हणजे ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा. जेपेगला एक-बिटी चित्र ठेवताच येत नाही, ते ग्रे होतं आणि प्रत्येक रेषेभोवती धुरकट ठिपके येतात. प्लेट काढाल तेव्हा कळेल. लाइन आर्टला ग्रुप ४ कॉम्प्रेशनची टिफ करा. हे कॉम्प्रेशन फॅक्ससाठी निघालं, पण एकही ठिपका हलत नाही आणि फाइल चिमुकली होते. मुखपृष्ठं आरजीबी (पडद्याचे लाल-हिरवा-निळा) असतील तर पीएनजी. सीएमवायके (छपाईच्या चार शायांच्या) टिफ मात्र टिफच राहू द्या, पीएनजीत सीएमवायके नसतं.

रात्रपाळी
इरफानव्ह्यू. उघडून बी दाबा, बॅचची, म्हणजे अनेक फायली एकदम बदलायची, खिडकी येते. टार्गासकट सगळं उघडतं.

वळणदार
@रात्रपाळी घरी ठीक. धंद्यासाठी इरफानव्ह्यूचा परवाना विकत घ्यावा लागतो, एक्सएनकन्व्हर्ट या तशाच प्रोग्रॅमचंही तेच. शाईवाले, प्रेससाठी फुकटच हवं असेल तर इमेजमॅजिक. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप कराव्या लागतात, पण एकदा बसली की हजार फायली एका ओळीत. सातवी आवृत्ती घ्या, तिची आज्ञा 'मॅजिक' आहे. जुन्या लेखांत 'कन्व्हर्ट' लिहिलेलं असतं. त्या नावाची विंडोजची स्वतःची आज्ञा आहे आणि ती डिस्कची फाइल सिस्टिम बदलण्यासाठी आहे. इमेजमॅजिकमधलं 'मॉग्रिफाय' वापरणार असाल तर आधी सगळ्याची कॉपी काढा, ते मूळ फाइलवरच लिहून मोकळं होऊ शकतं.

शाईवाला
धन्यवाद मंडळी. थोड्या फायलींवर इमेजमॅजिक चालवून पाहिलं. चौकटी सुरेख आल्या. पण काही टिफ उलट्या दिसतात, पांढऱ्याच्या जागी काळं. आणि दोन-तीन रंगीत पीसीएक्सचे रंग भलतेच, गणपती हिरवा!

मावशी_डीटीपी
उलट्या टिफचं कारण सोपं आहे. शून्य म्हणजे पांढरं की काळं, हे टिफच्या आत एका टॅगमध्ये (नोंदीत) लिहिलेलं असतं. फॅक्सच्या घराण्यातल्या फायलींत शून्य पांढरं असतं. एखादं सॉफ्टवेअर तो टॅग न बघताच चित्र दाखवतं. फाइल दुसऱ्या व्ह्यूअरमध्ये उघडा. तिथेही उलटी असेल तरच 'निगेट' (काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं) करा, सरसकट नको.

हिरव्या गणपतीसाठी फाइलचा शेवट तपासा. २५६ रंगांच्या पीसीएक्समध्ये रंगांची यादी शेवटच्या ७६९ बाइटांत असते: आधी १२ हा खुणेचा बाइट, मग ७६८ बाइट रंग. सीडी चरे पडलेली असेल किंवा कॉपी अर्धवट झाली असेल तर नेमकी शेपटीच तुटते. चित्राचा आकार शाबूत, रंग मात्र गेले. त्याच कलाकाराची, त्याच संचातली धड फाइल सापडली तर तिची शेपटी जोडून पाहा, बऱ्याचदा तीच यादी असते. त्याआधी सीडी दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घालून पाहा.

शाईवाला
दुसऱ्या ड्राइव्हने एक वाचली! आता एकच शंका: पीएनजी केलेलं मुखपृष्ठ ३०० ऐवजी २९९.९९९ डीपीआय (इंचाला ठिपके) दाखवतंय. बिघडलं का काही?

वळणदार
काही नाही बिघडलं. पीएनजी इंचात मोजत नाही, मीटरमध्ये मोजतं, आणि पूर्ण आकडाच घेतं. ३०० डीपीआय म्हणजे मीटरला ११८११ आणि वर किंचित. ते किंचित सुटतं, पिक्सेल तेवढेच. लावा पानात.