साध्या गाडीतले पोलीस: महामार्गावर हवेत की नकोत?

गतिरोधक (धागाकर्ता)

मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर नेहमीचं जाणं-येणं असलेल्यांना हा खेळ पाठ आहे. ‘महामार्ग पोलीस’ लिहिलेली पांढरी इंटरसेप्टर लांबून दिसली की सगळे एकदम सभ्य होतात. गूगल मॅप त्याआधीच बोंबलतो, ग्रुपवर ‘उर्सेच्या पुढे मामा’ असा मेसेज पडलेला असतो. गाडी मागे पडली की पुन्हा येरे माझ्या मागल्या.

वेगापुरतं म्हणाल तर २०२४ मध्ये आयटीएमएस (रस्त्यावरच्या कमानींवर कॅमेरे लावून आपोआप चलान करणारी यंत्रणा) आल्यापासून तिथे थोडी जरब बसली आहे. दोन कमानींमधला सरासरी वेग मोजला जातो, त्यामुळे कॅमेऱ्यापुरता ब्रेक मारून सुटता येत नाही. पण डावीकडून कट मारणं, बंपरला बंपर लावून डिपर देत राहणं, मांडीवर मोबाईल ठेवून रील बघणं, उजवी लेन अडवून घाट चढणारा कंटेनर? हे सगळं कमानींच्या मधल्या पट्ट्यात चालतं आणि पट्टेवाली गाडी दिसली की थांबतं.

म्हणून माझं म्हणणं: काही पोलीस गाड्या साध्या रंगाच्या, कुणाच्याही दारात उभ्या असतात तशा असाव्यात. त्या वाहतुकीबरोबर चालत राहाव्यात, आत गणवेशातले पोलीस आणि चालू कॅमेरा. पुलाखाली किंवा झुडपाआड दबा धरून स्पीडगन रोखणं मला अभिप्रेत नाही. पुणे–सातारा–कोल्हापूर आणि ७०१ किलोमीटरचा समृद्धी, दोन्हीकडे याची गरज आहे.

देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली १५,२२४ आपल्या राज्यात. एवढ्यावर तरी ‘पोलिसांनी लपून बसणं अन्यायाचं आहे’ हे रडगाणं थांबावं.

पावतीबहाद्दर

घ्या! आत्तापर्यंत झाडामागे लपायचे, आता गाडीच लपवा म्हणताय.

पट्टेवाल्या गाडीवर निदान काहीतरी लिहिलेलं असतं. कुठली गाडी, किती वाजता, कुठे उभी होती हे लोक फोटो काढून विचारू शकतात. साध्या गाडीत बसून चिरीमिरी घेतली तर कोण कुणाला विचारणार? तुमच्या डोळ्यांसमोर शिस्तीचं चित्र आहे, माझ्या डोळ्यांसमोर वसुलीचं. खासगी मोबाईलवर फोटो काढून चलान करू नका, हे २०२५ मध्ये वाहतूक विभागाच्या वरिष्ठांना परिपत्रक काढून सांगावं लागलं. ज्यांना कुठल्या यंत्राने फोटो काढावा हे कागदावर सांगावं लागतं, त्यांच्या हाती बिनओळखीची गाडी?

काळा कोट

कायद्यात काय आहे ते आधी बघू.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३० प्रमाणे लायसन्स दाखवण्याची जबाबदारी ‘गणवेशातल्या’ पोलीस अधिकाऱ्याने मागितलं की येते. गणवेश माणसाच्या अंगावर हवा. गाडी कुठल्या रंगाची असावी याबद्दल त्या कलमात अक्षर नाही. म्हणजे साध्या गाडीतून गणवेशातला पोलीस उतरला तर ‘तुमची गाडी पोलिसांसारखी दिसत नाही’ एवढ्यावर सुटका नाही.

यंत्राचं मात्र वेगळं आहे. २०१९ च्या दुरुस्तीत कलम १३६-अ आलं आणि २०२१ मध्ये त्याखाली नियम १६७-अ. स्पीडगन असो, डॅशकॅम असो की पोलिसाच्या छातीवरचा कॅमेरा, चलानासाठी वापरायचा तर त्याला राज्याने नेमलेल्या प्राधिकाऱ्याचं प्रमाणपत्र हवं आणि ते दरवर्षी नवं करायला हवं. गुन्ह्याची सूचना १५ दिवसांत जायला हवी. शिवाय अशा पट्ट्याच्या आधी ‘इथे इलेक्ट्रॉनिक देखरेख आहे’ असे ठळक फलक लावायची जबाबदारी राज्यावर आहे.

आता धागाकर्त्यांना प्रश्न. तुमची गाडी फिरती. कोल्हापूरपर्यंत जाणार. फलक कुठे लावणार?

गतिरोधक

@काळा कोट, टोलनाक्यावर आणि प्रत्येक प्रवेशमार्गावर. ‘या महामार्गावर साध्या वाहनांतून पोलीस देखरेख सुरू आहे’. उलट मला तो फलक हवाच आहे. कुठली गाडी हे कळू नये, पण अशी गाडी आहे हे प्रत्येकाला माहीत असावं. शेजारची पांढरी स्विफ्ट पोलिसांची असेल का, एवढी शंका पुरेशी आहे.

@पावतीबहाद्दर, चिरीमिरी पट्टेवाल्या गाडीतही चालते. मग सगळ्याच गाड्या बंद करायच्या का?

रात्रपाळी

तुम्ही दोघं पावतीवर भांडा. मी वेगळं विचारते.

माझी शिफ्ट रात्री संपते आणि बऱ्याचदा मी एकटीच गाडी चालवत परतते. खोपोली ते लोणावळा रात्री दीड वाजता. मागून एक काळी एसयूव्ही आली, आरशात डिपर मारतेय, खिडकीतून हात काढून बाजूला घ्यायची खूण करतेय. मी थांबायचं? गणवेश आहे म्हणे. अंधारात, शंभराच्या वेगात, शेजारच्या गाडीतला गणवेश कसा दिसणार? आणि दिसला तरी खाकी कापड दुकानात मिळतं. तोतया पोलिसांनी म्हाताऱ्या बायकांच्या बांगड्या उतरवून घेतल्याच्या बातम्या आपण वर्षानुवर्षं वाचतोय.

लंडनमध्ये २०२१ साली खऱ्याच पोलिसाने, ड्युटीवर नसताना, आपलं ओळखपत्र दाखवून एका मुलीला भाड्याच्या गाडीत बसवलं आणि तिचा खून केला. त्यानंतर तिथल्या पोलीस खात्याला साध्या वेशातला अधिकारी एकटा पाठवणार नाही असं जाहीर करावं लागलं. तिकडे ही वेळ आली, आणि आपण नव्याने सुरू करतोय.

लीड्सकर

इंग्लंडात साध्या पोलीस गाड्या सर्रास असतात, म्हणून लिहितो. थांबवणारा पोलीस गणवेशात हवा हे इथेही आहे. शंका आली तर हझार्ड लावून हळूहळू वर्दळीच्या, उजेडाच्या जागेपर्यंत जा आणि ९९९ ला फोन करून खात्री करा, असा सल्ला पोलीसच देतात.

पण @गतिरोधक, तुमच्या मुद्द्याला जवळची गोष्ट वेगळीच आहे. इथे २०१५ पासून ‘ऑपरेशन ट्रॅमलाइन’ चालतं. महामार्ग सांभाळणारी सरकारी कंपनी पोलिसांना बिनखुणेचे ट्रक देते, नुसतं ट्रॅक्टर युनिट, म्हणजे पुढचं इंजिन आणि केबिन, मागे ट्रेलर नाही. पोलीस वर केबिनमध्ये बसतो आणि शेजारून जाणाऱ्या ट्रकवाल्याच्या, व्हॅनवाल्याच्या हातात काय चाललंय त्याचं चित्रण करतो. कारमध्ये बसून ट्रकच्या केबिनमधलं काहीच दिसत नाही, म्हणून ही उंची. थांबवायचं काम तो ट्रक करत नाही. मागे काही अंतरावर पट्टेवाली गाडी असते, तिला वायरलेसवर कळवलं जातं, ती अडवते.

दहाचाकी

हे ट्रकमधून बघायचं आवडलं आपल्याला. आणा.

आमचं कायम असं की अपघात झाला की ट्रकवाला. उजवी लेन अडवतो म्हणता. अहो डावीकडे घाटात बंद पडलेला टँकर उभा असतो, मधल्या लेनला एसटी, मग लोड घेऊन चाललेल्यानं जायचं कुठं? पंचवीस-तीस टन मागे असताना ब्रेक मारला तर गाडी जागेवर थांबत नाही, हे कारवाल्याला कळतच नाही. तो आमच्या नाकासमोर कट मारतो नि पुढं जाऊन ब्रेक मारतो. हे कुठल्या इंटरसेप्टरला दिसतं? ती तर आम्हाला बाजूला घेऊन कागद तपासत असते. एका खेपेला चार ठिकाणी कागद, आणि कागद बरोबर असले तरी ‘एंट्री’, म्हणजे हातावर ठेवायची चिरीमिरी, सुटत नाही.

साहेबलोकांनी चार दिवस केबिनमध्ये बसावं. कुणाची चूक ते व्हिडिओत येईल. आमच्या लोकांचीही येईल, नाही म्हणत नाही. मोबाईल बघणारी पोरं आहेत आमच्यात.

पावतीबहाद्दर

@दहाचाकी, एंट्री घेणाराच उद्या त्या केबिनमध्ये बसणार आहे, लक्षात आहे ना?

क्लीव्हलंडचा काका

आमच्या ओहायो राज्यात याचा निकाल कायद्यानेच लावलाय. ज्या पोलिसाचं मुख्य काम वाहतुकीचे नियम राबवणं आहे, त्याच्या गाडीवर ठळक खूण हवी आणि वर लुकलुकणारा रंगीत दिवा हवा. नसेल तर त्याने पकडलेल्या वाहतुकीच्या गुन्ह्यात तो कोर्टात साक्षच देऊ शकत नाही. अगदी डोळ्यांनी बघितलं असलं तरी. गुन्हेगारीच्या तपासाला साध्या गाड्या आहेतच, पण वेगाच्या पावत्या फाडायला नाहीत. आणि म्हणून इथे अराजक माजलंय असं काही दिसत नाही.

काळा कोट

@काका, ही तरतूद फार उपयोगाची आहे. आपल्याकडे पोलिसाने नियम मोडला तर खात्यांतर्गत चौकशी, म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक. ओहायोत त्याची शिक्षा खटल्यालाच मिळते. बिनप्रमाणपत्राच्या कॅमेऱ्याने केलेलं चलान आपोआप रद्द, एवढं जरी इथे झालं तरी निम्मी कुरबुर मिटेल.

हवालदार (निवृत्त)

बराच वेळ वाचतोय. सगळे जण गाडीच्या रंगावर बोलताय, गाडी रस्त्यावर राहील का हे कुणी विचारत नाही.

साधी गाडी चौकीला मिळाली की पहिल्या आठवड्यात ती बंदोबस्ताला जाते. मंत्री येणार, पायलटला गाडी कमी, ती घ्या. साहेबांच्या पाहुण्यांना विमानतळावरून आणायचंय, ती घ्या. पट्टेवाल्या गाडीचा हा एक मोठा फायदा आहे की ती घेऊन कुणाला लग्नाला जाता येत नाही.

दुसरं मनुष्यबळ. चालत्या गाडीतून काम करायचं तर चालवायला एक, कॅमेऱ्याला एक, आणि अडवायला पुढे दुसरी गाडी, त्यात दोन-तीन. एवढी माणसं एका पाळीला एका पट्ट्यावर? आमच्या वेळी अपघात झाला की तीच माणसं क्रेन बोलवायची, तीच जखमी उचलायची, तीच वाहतूक वळवायची.

लीड्सकरांनी सांगितलेली पद्धत चांगली आहे. पण त्यातली मागची पट्टेवाली गाडी आपल्याकडे वेळेवर पोचत नाही, तोवर समोरचा एक्झिट घेऊन गेलेला असतो.

सातारी कंदी

मी या सगळ्याच्या विरुद्ध टोकाला आहे. पोलीस लपवू नका, दाखवा. जास्तीत जास्त दाखवा.

पंजाबने जानेवारी २०२४ मध्ये ‘सडक सुरक्षा फोर्स’ उभा केला. १४४ गाड्या, लांबून ओळखू येतील अशा, महामार्गांवर साधारण दर ३० किलोमीटरला एक. त्याच गाडीत प्रथमोपचाराचं साहित्य, अडकलेल्याला बाहेर काढायची साधनं. अपघाती मृत्यू मोठ्या प्रमाणात घटल्याचा तिथल्या सरकारचा दावा आहे. सरकारी दावा आहे म्हणून अर्धा सोडून द्या, तरी अपघातग्रस्ताला काही मिनिटांत पोलीस मिळतो हे उरतंच.

खंबाटकीच्या अलीकडे गाडी उलटली तर जखमीला दिसणारी गाडी हवी असते. गुपचूप चित्रण करणारी स्विफ्ट त्याच्या काय कामाची? आणि साध्या गाडीने चलान पाठवलं तर ते आठवड्याने मोबाईलवर येणार. म्हणजे त्या दिवशी तो माणूस तसाच चालवत पुढे गेला. मेला तर चलान कुणाला?

द्रुतगती मार्गावर २०१६ साली १५१ माणसं मेली होती. नंतर आकडा खाली आला तो दुभाजकाला कठडे, धोकादायक खांबांना संरक्षण, उभ्या ट्रकांवर लक्ष, रुग्णवाहिकेची वेळ आणि नियमांची अंमलबजावणी या सगळ्यामुळे. त्यात साधी गाडी कुठे होती?

गतिरोधक

@सातारी कंदी, चलान उशिरा येतं हा आक्षेप आयटीएमएसलाही लागू होतो, त्याला तुमचा विरोध दिसत नाही. आणि दिसणारी गाडी दर ३० किलोमीटरला उभी केली तरी मधले २९ किलोमीटर कुणाचे?

@रात्रपाळी, तुमच्या मुद्द्यावर माझं उत्तर लीड्सकरांच्या पद्धतीत आहे. साध्या गाडीने रात्री कुणालाच थांबवू नये, दिवसाही नको. तिने फक्त बघायचं आणि टिपायचं. थांबवायचं काम टोलनाक्यावर किंवा पट्टेवाल्या गाडीने. फास्टॅगमुळे टोलवर गाडी ओळखता येतेच.

@हवालदार, बंदोबस्ताचं म्हणणं शंभर टक्के खरं. त्यावर उपाय: गाडीला जीपीएस, आणि किती तास महामार्गावर होती हे दर महिन्याला संकेतस्थळावर. साहेबांचे पाहुणे त्यात दिसू देत.

रात्रपाळी

‘थांबवू नये’ असा नियम कागदावर असेल. पण तोतयाला नियम लागू होत नाही ना. तो तर थांबवणारच, आणि तेव्हा मी ‘अशा गाड्या असतात म्हणे’ म्हणून थांबेन. तुमच्या त्या फलकानेच माझ्या मनात ते भरवलेलं असेल. तेव्हा फलकावर दुसरी ओळही हवी: ‘साध्या गाडीने थांबवलं तर थांबू नका, ११२ ला फोन करा.’ ही ओळ छापायला खातं तयार आहे का? नसेल तर माझा विरोध कायम.

हवालदार (निवृत्त)

@रात्रपाळी, ती ओळ कुठलाही वरिष्ठ मंजूर करणार नाही. ‘पोलिसाने थांबवलं तर थांबू नका’ असं पोलीस स्वतः कसं लिहितील?

रात्रपाळी

मग गाड्या पट्टेवाल्याच ठेवा.

दहाचाकी

ताईंचं बरोबर आहे. पण आमच्या ट्रकच्या केबिनमध्ये बसायला काय हरकत? आमची गाडी कुणाला थांबवत नाही. बसणाऱ्याचा चहा माझ्याकडून, फक्त कागद मागायचे नाहीत.