घरात एकटी असतानाही हेडफोनच का लावावेसे वाटतात? (मदत हवी आहे)

घरी बरे म्हणावेत असे दोन बुकशेल्फ स्पीकर आहेत, ॲम्प्लिफायरही ठीकठाक आहे. तरी गाणं नीट ऐकायचं म्हटलं की माझा हात हेडफोनकडेच जातो. घरात माणसं असताना ते समजण्यासारखं आहे, पण चिटपाखरू नसतानाही मी तेच करते. नवऱ्याचं म्हणणं, "मग ते दोन ठोकळे धूळ खायला ठेवलेत का? विकून टाक आणि एकदाचे चांगले हेडफोन घे." मुलाचं वेगळंच: "आई, तू ते कानाला लावलेस की घरात नसल्यासारखीच असतेस." दोघांचंही पटतं, हीच पंचाईत आहे.

मला सुचलेली कारणं लिहिते. रात्री ऐकणं हे तर उघडच. झोपलेल्यांना त्रास नको म्हणून स्पीकरचा आवाज उतरवला की गाण्यातला खर्ज आधी जातो, डग्गा असून नसल्यासारखा होतो.

दुसरं म्हणजे बारकावे. तानपुऱ्याची जवारी, आलाप उचलण्याआधी गायिकेने घेतलेला श्वास, पेटीचा भाता दाबताना होणारी किंचित कुरकुर, हे सगळं हेडफोनवर लख्ख ऐकू येतं. तेच रेकॉर्डिंग स्पीकरवर लावलं की यातलं अर्धं गायब. पंखा चालू असेल तर बोलायलाच नको. मात्र कधीकधी असंही वाटतं की मैफलीत पहिल्या रांगेत बसलं तरी भाता काही इतका कानात वाजत नाही. मग मी ऐकते ते गाणं की माईकची कामगिरी?

आणि तिसरं, स्पीकरवर गाणं लावलं की मी कपड्यांच्या घड्या घालायला लागते. हेडफोन लावले की मुकाट बसून ऐकते.

तर तुम्ही मंडळी घरात हेडफोन का लावता? आणि माझ्यासारखीने स्पीकर ठेवावेत की विकावेत? नवे हेडफोन घ्यायचेच झाले तर ओपन-बॅक (कपांची मागची बाजू मोकळी असलेले) घ्यावेत की बंद कपांचे? वायरलेस नकोत, चार्जिंगची कटकट नको आहे. मला चष्मा आहे, आणि ऐकणं बऱ्यापैकी तासन्‌तास होतं.

प्रतिसाद १
माझं कारण एकच, भिंतीपलीकडचे लोक. तार सप्तक भिंत अडवते, बेस अडवत नाही. स्पीकर मात्र विकू नका, मी विकून बसलोय.

प्रतिसाद २
ताई, विकण्याआधी एक सांगा. स्पीकर कुठे ठेवलेत आणि तुम्ही कुठे बसता? सोफा भिंतीला टेकलेला आणि स्पीकर कपाटात कोंबलेले असतील, तर तुम्हाला हेडफोन आवडतात असं नाही, तुम्हाला तुमची खोली आवडत नाही.

जरा सविस्तर लिहितो. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. खोली ४ मीटर लांब असेल तर ४३ हर्ट्‌झच्या आसपासचा सूर समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये अडकून घुमत राहतो. भिंतीलगत बसलात तर तो बदाबदा अंगावर येतो, खोलीच्या मध्यावर बसलात तर जवळपास नाहीसा होतो. रुंदीचे आणि उंचीचे असेच आणखी सूर असतात. शिवाय वरच्या पट्टीतले आवाज काच, फरशी, छत यांवर आपटून थोडे मागाहून कानात येतात, आणि त्या गर्दीत तुमचा तो श्वास बुडतो. हेडफोनमध्ये खोलीचा संबंधच येत नाही. घरच्या ऐकण्यात हेडफोनला इतकी मागणी असण्याचं माझ्या मते सर्वांत मोठं कारण हेच आहे, फक्त लोक त्याला 'क्लॅरिटी' म्हणून मोकळे होतात.

रात्रीचा डग्गा गायब होतो तो दोष स्पीकरचा नाही, कानाचा आहे. आवाज हळू असला की खालच्या पट्टीतले सूर आपल्याला प्रमाणापेक्षा जास्त मंद वाटतात. फ्लेचर आणि मन्सन या संशोधकांनी १९३३ मध्ये याचे आलेख मांडले होते. जुन्या ॲम्प्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचं बटण असायचं ते यासाठीच. तुमच्यावर असेल तर रात्री दाबून बघा.

आता चाचणी. दोन्ही स्पीकर कपाटाबाहेर काढून कानाच्या उंचीवर ठेवा, तोंडं तुमच्याकडे करा. त्यांच्यात जेवढं अंतर आहे तेवढंच अंतर राखून त्यांच्या समोर बसा, दीड मीटर पुरे. भिंतीपासून डोकं जरा पुढे. मग तीच तानपुऱ्याची चीज लावा. फरक पडला तर स्पीकर राहू द्या.

प्रतिसाद ३
वरच्यांशी सहमत, पण सगळ्या गोष्टी हर्ट्‌झमध्ये मोजू नका हो. मी तर कधीकधी हेडफोन लावतो आणि गाणंच लावत नाही! कोणी हाक मारू नये एवढाच हेतू. भरल्या घरात स्वतःची खोली नसलेल्या माणसाला ती कानावर चढवता येते. ताईंना मुकाट बसून ऐकता येतं ते यामुळेच. त्यावर स्पीकर सरकवून काय होणार?

प्रतिसाद २
@प्रतिसाद ३, मान्य. ते कारण असेल तर सोफा कितीही हलवा, उपयोग नाही. म्हणून तर आधी कारण शोधा म्हणतोय. खोली वाईट असेल तर खोली सुधारा, एकांत हवा असेल तर हेडफोन घ्या.

प्रतिसाद ४
मी श्रवणतपासणीचं काम करते, म्हणून तासन्‌तास या शब्दावर अडखळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्यांसाठी मर्यादा आठवड्याला ४० तास, तीही ८० डेसिबलला. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मी होते. ८३ ला २० तास, ८६ ला १०. लहान मुलांसाठी ४० तासांची मर्यादा ७५ डेसिबलला आहे, तुमचा मुलगा ऐकत असेल तर त्यालाही सांगा.

घरात ऐकण्याचा एक फायदा इथे सांगण्यासारखा आहे. रस्त्यावर किंवा गाडीत आपण बाहेरचा गोंगाट झाकायला आवाज चढवतो. शांत खोलीत त्याची गरज नसते. पण सुरुवातीला कमी वाटलेला आवाज हळूहळू वाढवत नेण्याची सवय अनेकांना असते. सोपी युक्ती: ऐकायला बसताना आवाज ठरवा आणि पुढे बटणाला हात लावू नका. ऐकून झाल्यावर कानात शिट्टी वाजल्यासारखं किंवा दडा बसल्यासारखं वाटत असेल, तर तो आवाज तुमच्यासाठी जास्त होता. हे वारंवार होत असेल तर कान तपासून घ्या.

धागाकर्ती
सर्वांना धन्यवाद! स्पीकर खरोखरच पुस्तकांच्या कपाटात होते, आणि सोफा भिंतीला. (प्रतिसाद २, तुम्ही आमच्या घरी येऊन गेलात का?) काल दोन स्टुलांवर स्पीकर ठेवून समोर खुर्ची टाकून बसले. तानपुरा सुटा झाला, गायिका समोर बसल्यासारखी वाटली. हेडफोनमध्ये ती माझ्या डोक्याच्या मधोमध गाते, ते मला आजवर खटकलंच नव्हतं. श्वासही ऐकू आला, पण पंखा बंद केल्यावरच. भात्याची कुरकुर नाही आली, आणि तिची आठवणही झाली नाही.

म्हणजे स्पीकर राहणार. पण रात्रीसाठी आणि प्रतिसाद ३ म्हणतात त्या एकांतासाठी हेडफोन हवेतच. चष्म्याचं काय?

प्रतिसाद ५
डोक्याच्या मधोमध गाण्याचं कारण असं, की स्पीकरवर उजवीकडचा आवाज डाव्या कानालाही किंचित उशिरा पोचतो, हेडफोनवर पोचत नाही. जुन्या, साठच्या दशकातल्या काही स्टिरिओ रेकॉर्डिंगमध्ये गाणं एका कानात आणि वाजंत्री दुसऱ्या कानात असते, ती हेडफोनवर ऐकवत नाहीत. काही प्लेअर ॲपमध्ये 'क्रॉसफीड' असतं, म्हणजे एका बाजूचा आवाज थोडासा दुसऱ्या कानातही सोडायची सोय, ते थोडं चालू करा.

चष्म्याची काडी गादी आणि कानशील यांच्यात फट पाडते. बंद कपांचा बेस त्या फटीतून निसटतो. ओपन-बॅकमध्ये आवाज तसाही मोकळाच असतो, त्यामुळे फरक कमी जाणवतो. कान तापत नाहीत आणि मुलाने हाक मारली तर ऐकू येते. तोटा हा की तुमचं गाणं शेजारी झोपलेल्यालाही ऐकू जातं. रात्री त्याच खोलीत ऐकणार असाल तर बंद कपच घ्या, मऊ कापडी गाद्यांचे. काडी बारीक असेल तर निभतं. दुकानात चष्मा घालूनच बघा आणि निदान एक अख्खं गाणं ऐका, काडी टोचायला तेवढा वेळ लागतो.

प्रतिसाद ३
मुलाच्या तक्रारीवर उपाय: साधा स्प्लिटर (एका जॅकला दोन हेडफोन लावायची जोडणी) आणि दुसरे हेडफोन. १९७९ च्या पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन भोकं होती, आणि गाणं मंद करून एकमेकांशी बोलायला बटणसुद्धा! तेव्हाच कोणाला तरी ही काळजी पडली असणार.

धागाकर्ती
स्प्लिटरची कल्पना त्याला आवडली, पण गाणी तो निवडणार म्हणतोय. शेवटचं एक विचारते. ऐकणं रात्री आणि बेडरूममध्ये, म्हणून बंद कपांचे बायरडायनॅमिक डीटी ७७० बघितले. ते ३२, ८० आणि २५० ओहममध्ये (हा म्हणे विजेला होणारा अडथळा) दिसतायत. माझ्या फोनला जॅक नाही, डोंगल (चार्जिंगच्या भोकात लावायचा छोटा जॅक) लावून ऐकणार. कुठले?

प्रतिसाद २
नुसत्या डोंगलवर २५० नको, आवाज कमी पडू शकतो. ३२ किंवा ८० घ्या. आणि स्प्लिटर लावणार असाल तर दोन्ही हेडफोन एकाच मॉडेलचे आणि तितक्याच ओहमचे असू द्या, नाहीतर एकाला मोठं आणि दुसऱ्याला बारीक ऐकू येईल आणि त्यावरून घरात नवा धागा निघेल.