वेल्सच्या दौऱ्यात यजमान गायकवृंदाला आपली रचना दोन दिवसांत कशी शिकवावी?

प्रश्न: आमच्या 32 जणांच्या वृंदगान गटाला वेल्समधील लँगोलेन येथे, 1947 पासून भरत असलेल्या आंतरराष्ट्रीय संगीत महोत्सवात गाण्याची संधी मिळाली आहे. त्यानंतर तिथल्याच एका गायकवृंदासोबत दोन दिवस तालीम आणि मग संयुक्त कार्यक्रम ठरला आहे. त्यांना आमची एक रचना शिकवायची आहे. परंतु आमचे सगळे काम तोंडी आणि सरगमवर चालते, तर त्यांना छापील नोटेशन लागेल असे वाटते. हे कसे जमवावे?

उत्तर 1: नोटेशन लिहून घेण्याच्या खटपटीत पडण्याआधी त्यांच्यात टॉनिक सोल्फा, म्हणजे डो-रे-मीच्या अक्षरांत लिहिलेले स्वर, वाचणारे कोणी आहे का, एवढे विचारून घ्या. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉन कर्वेन यांनी प्रसार केलेली ही पद्धत वेल्सच्या चॅपलांमध्ये (प्रार्थनागृहांमध्ये) इतकी रुजली, की पियानोला कधी हात न लावलेली माणसेही तिच्या आधारे चार-चार स्वरपंक्तींच्या रचना बसवत असत. तिच्यातला ‘डो’ आपल्या षड्जाप्रमाणेच कोणत्याही पट्टीत धरता येतो. आम्ही अशाच एका तालमीत फळ्यावर सरगम लिहून प्रत्येक स्वराखाली त्यांचे अक्षर मांडले, तेव्हा मागच्या रांगेतल्या खर्जात गाणाऱ्या एका वयस्कर बेस गायकाने आम्ही गाऊन दाखवण्याआधीच पहिली ओळ गुणगुणली होती. मात्र कोमल गंधार-धैवताची रचना घेऊ नका, कारण अशा स्वरांच्या पाश्चात्त्य सप्तकात, म्हणजे मायनरमध्ये, ते ‘ला’ला आधारस्वर मानतात आणि आपला ‘सा’ तिथे जाऊन बसतो. मग दोन्ही बाजूंचा गोंधळ उडतो. भूप रागातली साधी रचना घ्यावी. मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणे, कागदावर उतरवण्याच्या फंदात न पडता गाऊनच द्यावी.

उत्तर 2: वरील सूचनेत एक भर घालतो. सोबत हार्मोनियम नेणार असाल, तर ती 440 हर्ट्झच्या, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यांच्या प्रमाण पट्टीत आहे का, हे निघण्यापूर्वी तपासून घ्या. थोडी जरी चढी असली तरी तिथल्या पियानोशी जमणार नाही, आणि तबल्यासारखी ती ऐनवेळी हातोडीने जुळवता येत नाही.

प्रश्नकर्ती: मनःपूर्वक आभार. त्यांचे एक वेल्श गीत आम्हीही म्हणावे, असा त्यांचा आग्रह आहे. उच्चारांची धास्ती वाटते.

उत्तर 1: स्वर सोपे आहेत, अडचण रोमन लिपीत ‘ll’ असा लिहितात त्या जोड-‘ल’ची आहे. जीभ ‘ल’साठी जिथे टेकते तिथेच ठेवून, आवाज न काढता तिच्या कडेने हवा सोडावी. गावाच्या नावातच हा उच्चार दोनदा येतो, त्यामुळे सरावाची सुरुवात तिथूनच करा.