जिंकला तर अक्कल, हरला तर नशीब?

सातपूरकर:
परवा इथल्या एका सदस्याने गोव्याला जाऊन मोठी पोकर टूर्नामेंट खेळून आल्याचा लेख टाकला. नाशिकरोडहून मंगला एक्स्प्रेस, मांडवीतलं जहाज, 55 हजारांची एन्ट्री. दुपारपर्यंत चिप्स तिप्पट. रात्री एक्का-राजा घेऊन ऑल-इन, म्हणजे सगळ्या चिप्स पणाला, समोर राण्यांची जोडी, खेळ खलास. मग पुन्हा पैसे भरून री-एंट्री, तीही गेली. लेखाचं सार काय, तर पोकर हा निव्वळ बुद्धीचा खेळ, त्याला बुद्धिबळाच्या पंगतीत बसवा, आणि मराठी माणसाला हे कधी कळणार! खाली वाहवाची रांग.

त्यांच्या जाण्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. पैसे त्यांचे, सुट्टी त्यांची. डोकं फिरलं ते दुसऱ्याच गोष्टीने. अख्ख्या लेखात जिंकलेला हात आला की ‘मी समोरच्याला वाचला’, आणि हरलेला हात आला की ‘नशिबाने दगा दिला’. अहो, एक्का-राजा विरुद्ध राण्यांची जोडी म्हणजे जवळपास छापा-काटा, त्यातही राण्याच थोड्या वरचढ. दगा कसला त्यात? उलट ज्या हातावर तुम्ही तिप्पट झालात तो बघा. तुमच्याकडे एक्क्यांची जोडी, समोर राजांची. एक्क्यांची जोडी सरासरी 221 हातांत एकदा येते. टेबलावर तासाला पंचवीस-तीस हात होतात, म्हणजे दिवसभर बसलात तर एखाद वेळी. ती आली, आणि नेमकी तेव्हाच समोरच्याला राजांची आली. तुमच्या जागी बसवर चढलेला पहिला माणूस बसवला असता तरी सगळ्या चिप्स मध्येच गेल्या असत्या. वाचलंत काय त्यात?

आणि लेखात दाखला दिलेला तो ख्रिस मनीमेकर आता पुरे. टेनेसीचा अकाउंटंट, 86 डॉलरच्या ऑनलाइन सॅटेलाइटमधून, म्हणजे मोठ्या स्पर्धेचा प्रवेश जिंकून देणाऱ्या छोट्या स्पर्धेतून, 2003 साली वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत पोचला आणि 25 लाख डॉलर घेऊन गेला. खरं आहे. त्या वर्षी 839 जण होते. उरलेल्या 838 जणांवर कोणी लेख लिहिला नाही.

रिव्हरवाला:
सातपूरकर, तुम्ही पोकर व्हिडिओत पाहिलंय की टेबलावर बसून खेळलाय? कारण तुम्ही दिलेले आकडे बरोबर आहेत आणि काढलेला अर्थ चूक.

एक्के-राजांची टक्कर कोणाच्याच हातात नसते, मान्य. पण ती दिवसात फार तर एकदा होते. बाकीच्या दोनशे हातांचं काय? कोणत्या जागेवरून काय टाकून द्यायचं, ब्लाइंड, म्हणजे पत्ते बघण्याआधी भरायची सक्तीची रक्कम, वाढत जाऊन आपल्या चिप्स दहा-बारा ब्लाइंडपुरत्याच उरल्या की सगळ्या कधी ढकलायच्या, बबलवर, म्हणजे बक्षिसांच्या अगदी उंबरठ्यावर, कोण घाबरून पत्ते टाकतोय हे कधी हेरायचं, यालाच खेळ म्हणतात. तीन पत्तीत पत्ते न बघता चाल देणाऱ्यांना हे कळायचं नाही. 2017 मध्ये आदित्य सुशांत आणि निपुण जावा या दोघांनी मिळून वर्ल्ड सिरीजचं ब्रेसलेट, म्हणजे तिथलं विजेतेपद, जिंकलं, 2018 मध्ये निकिता लुथरने. सगळे काय लॉटरी लागून आले?

सातपूरकर:
साहेब, वर्षानुवर्षं हजारो हात खेळणाऱ्यांचं नाव पुढे करून हौशी माणसाच्या एका शनिवारची अक्कल सिद्ध होत नाही. माझा मुद्दा तोच आहे. वेगासच्या मुख्य स्पर्धेत 60 हजार चिप्स देतात आणि दोन-दोन तासांची लेव्हल असते, म्हणजे ब्लाइंड तेवढ्या वेळाने वाढतात, तिथे कौशल्याला वाव आहे. आपल्या मित्राच्याच लेखात लिहिलंय की गोव्याला लेव्हल अर्ध्या तासाची होती. एवढ्या घाईत संध्याकाळनंतर ढकलाढकलीच उरते.

रिव्हरवाला:
अर्ध्या तासाच्या लेव्हलचा मुद्दा ठीक. तेवढाच.

इंदिरानगरची ताई:
तुम्हा दोघांचं टक्क्यांचं गणित चालू द्या. माझ्या धाकट्या भावाने मोबाइलवर रमी खेळून काय केलं ते मी पाहिलंय. आधी पगार, मग मित्रांकडून उसने, मग कर्ज देणारी ॲप. वसुलीवाले वहिनीच्या माहेरी फोन करायला लागले तेव्हा घरात कळलं. तोही हेच म्हणायचा, ‘ताई, सुप्रीम कोर्टाने 1968 सालीच सांगितलंय, रमी कौशल्याचा खेळ आहे.’ कोर्टाचा निकाल तोंडपाठ आणि मुलीची फी भरलेली नाही. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ सरसकट बंद केले, कौशल्य असो की नशीब, तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. आता तुम्ही लोक जहाजावर जाऊन फोटो टाकता आणि तो ते फोटो मला फॉरवर्ड करतो. ‘बघ, चांगल्या घरची माणसंही खेळतात.’

हौशी गडी:
ज्यांच्या नावाने एवढी धुळवड चाललीये तो मीच. ताई, भावाचं वाचून वाईट वाटलं. पण माझा त्याच्याशी काय संबंध? मी वर्षभर बाजूला टाकलेले पैसे नेले, एटीएम कार्ड बायकोकडे ठेवून गेलो, संपले तसा परत आलो. रात्री दोनला बिछान्यात पडून मोबाइलवर खेळणं आणि टेबलावर नऊ माणसांच्या डोळ्यांत बघून खेळणं यात फरक नाही का? उलट त्या कायद्याने झालं काय, की स्वस्तातल्या ऑनलाइन सॅटेलाइटचा रस्ताच बंद. आता हौशी माणसाला पूर्ण एन्ट्री खिशातून भरावी लागते. मनीमेकर आज नाशिकला जन्मला असता तर अकाउंटंटच राहिला असता.

आणि सातपूरकर, राजांच्या जोडीविरुद्ध मी आधी छोटी रक्कम लावून त्याला खेचलं होतं. ते तुम्ही सोयीस्कर गाळलंत.

सातपूरकर:
बरं बाबा, खेचलंत. शाल-श्रीफळ कुठे पाठवू? री-एंट्रीबद्दल मात्र अवाक्षर नाही. ‘संपले तसा परत आलो’ म्हणता, पण एकदा संपल्यावर दुसरे 55 हजार भरलेत. ते कोणाच्या डोळ्यांत बघून?

हौशी गडी:
दोन एन्ट्रींचं बजेट आधीच ठरलेलं होतं. विश्वास नसेल तर नसो.

हिशोबनीस:
कोणी विचारलं नाही, तरी सांगतो. पत्त्यांच्या जिंकीवर सरसकट 30 टक्के आयकर, वर सेस. पाच टूर्नामेंट हरून सहावीत बक्षीस लागलं तर आधीच्या पाचांचे पैसे त्यातून वजा होत नाहीत. ट्रेन, हॉटेल, जेवण, काहीच नाही. म्हणजे आधी आयोजक एन्ट्रीतून आपला रेक, म्हणजे कमिशन, काढून घेतो, मग सरकार येतं. ‘दीर्घकाळात कौशल्य जिंकतं’ म्हणणाऱ्यांनी हे धरून पुन्हा गणित मांडावं.

आणखी एक. 2020 पासून गोव्यातल्या रहिवाशांना त्यांच्याच कॅसिनोत खेळायला बंदी आहे. ज्या सरकारला त्यातून महसूल मिळतो ते आपल्या माणसांना आत सोडत नाही. आपण नाशिकहून रात्रभर प्रवास करून जातो. महाराष्ट्राने तर 1976 चा कॅसिनो कायदा कधी अमलातच आणला नाही, 2023 मध्ये रद्द करून टाकला.

रिव्हरवाला:
सीए साहेब, तुमचेच अशील शेअर बाजारातल्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये काय करतात ते सांगा ना. सेबीने 2024 मध्ये अहवाल दिला, तीन वर्षांत वैयक्तिक ट्रेडरपैकी 93 टक्के तोट्यात, एकूण तोटा 1.8 लाख कोटींच्या वर. त्यांचा तोटा मात्र पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वजा होतो! कॉलेज रोडच्या प्रत्येक कॅफेत दोन पोरं भावाच्या आलेखातल्या कॅन्डल बघत बसलेली असतात, त्यांना कोणी जुगारी म्हणत नाही. लग्नाच्या बायोडेटात ‘शेअर मार्केट’ लिहितात.

हिशोबनीस:
त्यांनाही मी हेच सांगतो. ऐकत नाहीत, फी मात्र वेळेवर देतात.

दिंडोरीचा बागायतदार:
सगळं वाचलं, करमणूक झाली. 55 हजारांवर एवढी रडारड? माझ्याकडे द्राक्षाच्या गोडी छाटणीनंतर एका एकराच्या फवारण्यांतच त्याहून जास्त जातात. ऑक्टोबरात छाटणी, फुलोऱ्यात पाऊस आला की डाऊनी रोग, त्यातून वाचला तर माल उतरायच्या तोंडावर गारपीट. री-एंट्री पुढच्या वर्षी, सोसायटीचं कर्ज काढून. आणि कांदा लावला तर पत्ते वाटून झाल्यावर नियम बदलतात. 2023 च्या ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यात शुल्क, डिसेंबरात थेट निर्यातबंदी. तुमच्या जहाजावर निदान मधेच नियम तरी बदलत नसतील.

गंगापूररोडकर:
आला, प्रत्येक धाग्यावर शेतकरी आलाच. दादा, शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, हेही लिहा की. इथे हौशी गड्याने जिंकले असते तर 30 टक्के गेले असते. तुमच्या गाड्या आमच्यापेक्षा मोठ्या असतात.

दिंडोरीचा बागायतदार:
माझी गाडी म्हणजे ट्रॅक्टर, आणि तोही बँकेचा. कर भरायला उत्पन्न लागतं, साहेब. गेल्या हंगामात व्यापाऱ्याने बागेत येऊन सौदा केला, निम्मा माल नेला, चार दिवसांत पैसे देतो म्हणाला. फोन बंद, गाळा बंद. गावातल्या आणखी आठ-दहा जणांचा माल असाच गेला. या, माझ्या बांधावर उभे राहून मला कराचं सांगा.

गंगापूररोडकर:
लेखी करार न करता माल देता कशाला मग? ही चूक कोणाची?

इंदिरानगरची ताई:
गंगापूररोडकर, जरा तोंड सांभाळून. द्राक्ष काढणीला आलं की दोन दिवस थांबता येत नाही, त्यात ढग आले की जो येईल त्याला द्यावं लागतं. स्टॅम्प पेपर घेऊन कोण फिरतं तिथे? माझं माहेर निफाडचं आहे, मला नका शिकवू.

गंगापूररोडकर:
बरं, ताई म्हणतात म्हणून गप्प. कर नाही हे मात्र खरंच आहे.

सातपूरकर:
मंडळी, विषय पोकरचा होता. हौशी गडी, एका प्रश्नाचं सरळ उत्तर द्या. पुढच्या वर्षी जाणार का?

हौशी गडी:
जाणार. एकच एन्ट्री. आणि इथे लिहिणार नाही.

रिव्हरवाला:
लिहा हो. यांना हरलेले हात वाचायला जास्त आवडतात.

हिशोबनीस:
बागायतदार दादा, त्या व्यापाऱ्याची काही चिठ्ठी, वजनकाट्याची पावती, गाडीचा नंबर, बँकेत आलेली आगाऊ रक्कम, यातलं काही आहे का? आठ-दहा जण असाल तर एकेकट्याने जाऊ नका, एकत्र तक्रार द्या. कागदं घेऊन या, मी बघतो. फी नको.

दिंडोरीचा बागायतदार:
काट्याच्या पावत्या आहेत. आगाऊ रक्कम फक्त तिघांना खात्यावर आली, बाकीच्यांना रोख. शनिवारी आलो तर चालेल का?

हिशोबनीस:
शनिवारी अकराला या. त्या तिघांना आधी आणा, बँकेच्या पासबुकासकट.

इंदिरानगरची ताई:
निफाडकडचेही चौघे आहेत याच व्यापाऱ्याचे, बहुतेक. त्यांना सांगू का?