मदत हवी आहे : गच्चीवरच्या भजनासाठी वायरलेस स्पीकर

नमस्कार मंडळी. कोथरूडमध्ये सोसायटीच्या गच्चीवर दर गुरुवारी भजन असतं, पंचवीसएक माणसं. एका हाताने उचलून नेता येईल असा स्पीकर हवाय. बजेट १२,००० रुपये.

खरी अडचण माइकची आहे. ब्लूटूथवरून आवाज साधारण ०.१ ते ०.३ सेकंद उशिरा येतो. तानपुऱ्याच्या ॲपचं त्याने काही बिघडत नाही, सूर अखंडच असतो. पण गाणाऱ्याला स्वतःचाच आवाज मागून यायला लागला की लय तुटते, टाळ पुढे पळतात. म्हणून माइक वायरनेच लावायचा : ६.३५ मिमीचं माइक इनपुट आणि त्याच्या आवाजाचं वेगळं बटण हवंच. नुसत्या ऑक्समध्ये (फोन वगैरे वायरने जोडायची खाच) माइक खोचून भागत नाही, माइकचा सिग्नल फार क्षीण असतो.

वूफर (खर्जाचा आवाज देणारा भाग) किमान ६ इंची हवा. तळहाताएवढ्या स्पीकरमध्ये पखवाजाच्या डाव्या पुडीची घुमारी जाते, नुसती टपटप उरते. वॉट आरएमएसमध्येच (सतत मिळणारी ताकद) सांगा, पीएमपीओचे (क्षणभराच्या कमाल ताकदीचे, फुगवलेले) आकडे काही कामाचे नाहीत. वर पत्रा आहे, त्यामुळे आयपीएक्स४ (पाण्याचे शिंतोडे सोसण्याइतकं संरक्षण) पुरे.

दोन गोष्टी वापरणाऱ्यांनीच सांगाव्यात. माइक लावून, आवाज तीन चतुर्थांश ठेवून बॅटरी तीन तास पुरते का? कंपन्यांचे तास बहुधा मध्यम किंवा त्याहून कमी आवाजावरचे असतात. आणि पुण्याच्या तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) स्वतःचा माइक नेऊन, लावून ऐकू देणारं दुकान कुठलं?