रिची मॅकॉचा निरोप: न्यूझीलंडच्या चाहत्यांची कृतज्ञता रास्त होती का?

दक्षिणतारा (धागालेखक)

ऑल ब्लॅक्सचा, म्हणजे न्यूझीलंडच्या रग्बी संघाचा, कर्णधार रिची मॅकॉ याने १९ नोव्हेंबर २०१५ रोजी निवृत्ती जाहीर केली, त्याला आता दहा वर्षे उलटून गेली आहेत. त्या वेळी न्यूझीलंडच्या चाहत्यांनी त्याच्यावर जे प्रेम केले ते अतिरेकी होते, एका खेळाडूचे देव्हारे माजवण्याचाच तो प्रकार होता, असे मत इथल्या मराठी मित्रमंडळींत मला अनेकदा ऐकायला मिळते. मला ते मान्य नाही, आणि का मान्य नाही हे सविस्तर मांडण्यासाठी हा धागा काढत आहे.

रग्बी न पाहणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. मॅकॉ १४८ कसोटी (म्हणजे आंतरराष्ट्रीय) सामने खेळला, त्यांपैकी ११० सामन्यांत तो कर्णधार होता आणि १३१ सामने त्याच्या संघाने जिंकले. २०११ आणि २०१५ असे दोन विश्वचषक जिंकणारा तो पहिलाच कर्णधार. मात्र माझे म्हणणे या आकड्यांवर आधारलेले नाही. ते आधारलेले आहे ६ ऑक्टोबर २००७ या दिवसावर.

त्या दिवशी वेल्समधल्या कार्डिफमध्ये विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत फ्रान्सने न्यूझीलंडला २०-१८ असे हरवले. त्यापूर्वीच्या कोणत्याही विश्वचषकात न्यूझीलंड उपांत्य फेरीच्या आधी बाहेर पडला नव्हता. फ्रान्सच्या निर्णायक ट्रायपूर्वी (ट्राय म्हणजे चेंडू गोलरेषेपलीकडे टेकवून गुण मिळवणे) चेंडू नियमाविरुद्ध पुढे फेकला गेला होता आणि ते पंचांच्या नजरेतून सुटले, हे खरे आहे. परंतु अखेरच्या मिनिटांत संघ गोंधळला, ड्रॉप गोलची (चालू खेळात चेंडूचा टप्पा पाडून तो खांबांमधून मारण्याची) नीट आखणी झाली नाही आणि जेमतेम सव्वीस वर्षांच्या कर्णधाराला वेळेवर मार्ग सुचला नाही, हेही तितकेच खरे आहे. देशभर संताप उसळला. प्रशिक्षक ग्रॅहम हेन्री यांना काढावे, कर्णधार बदलावा, अशी मागणी झाली. तरीही त्या डिसेंबरमध्ये रॉबी डीन्स यांच्यासारखा तगडा उमेदवार समोर असताना रग्बी संघटनेने हेन्री यांनाच कायम ठेवले आणि मॅकॉही कर्णधार राहिला. चार वर्षांनी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात, ऑकलंडच्या ईडन पार्कवर, त्याच फ्रान्सला त्यांनी ८-७ असे अवघ्या एका गुणाने हरवले.

२०१५ चा चषक घेऊन संघ परतला तेव्हा ऑकलंडच्या व्हिक्टोरिया पार्कमधल्या गर्दीत मी उभा होतो. शेजारच्या एका वयस्कर गृहस्थांनी कार्डिफचा विषय आपणहून काढला आणि त्या रात्री ‘याला काढा’ असे म्हणणाऱ्यांत आपणही होतो, हे मला सांगितले. ज्याला कधी अपयश आलेच नाही त्याचे कौतुक करणे सोपे असते. आपण ज्याच्यावर अन्याय केला त्याच्यासमोर उभे राहून टाळ्या वाजवणे याला मी व्यक्तिपूजा म्हणू शकत नाही. माझ्या मते ती चूक मान्य करण्याचीच एक रीत होती.

वानखेडेकर

आपला लेख आवडला, तरी मी असहमत आहे. चाहत्यांची कृतज्ञता रास्त होती, पण ती व्यक्त करण्याची संधी मॅकॉने त्यांना दिली नाही, ही माझी तक्रार आहे.

१६ नोव्हेंबर २०१३ रोजी सचिन तेंडुलकरने वानखेडेवर आपली दोनशेवी आणि अखेरची कसोटी संपवली तेव्हा मी स्टेडियमात होतो. हाच शेवट आहे हे आम्हां सगळ्यांना ठाऊक होते. त्याने बोलताना वडिलांपासून सर्वांचे स्मरण केले, मग खेळपट्टीवर जाऊन तिला नमस्कार केला. चोवीस वर्षांचे नाते दोन्ही बाजूंनी डोळ्यांत डोळे घालून पूर्ण झाले. मॅकॉच्या बाबतीत काय झाले? १५ ऑगस्ट २०१५ रोजी ईडन पार्कवर ऑस्ट्रेलियाविरुद्ध तो १४२ वा कसोटी सामना खेळला आणि आयर्लंडच्या ब्रायन ओ’ड्रिस्कॉलचा सर्वाधिक कसोटी सामन्यांचा विक्रम मोडला. मायदेशातला त्याचा तो अखेरचा कसोटी सामना होता, परंतु तसे त्याने जाहीर केले नव्हते. विश्वचषकाच्या अंतिम सामन्यानंतरही, अजून काही ठरवलेले नाही अशाच सुराचे उत्तर त्याने दिले आणि निवृत्ती जाहीर केली ती जवळपास तीन आठवड्यांनी, पत्रकार परिषदेत टेबलामागे बसून. ज्या लोकांनी चौदा वर्षे तिकिटे काढली, मध्यरात्री उठून सामने पाहिले, त्यांचा त्या क्षणावर काहीच हक्क नव्हता का?

दक्षिणतारा

वानखेडेकर, तो दिवस मीही दूरचित्रवाणीवर पाहिला होता आणि तो आठवला की आजही गलबलून येते. परंतु सचिन तेव्हा कर्णधार नव्हता, आणि ती मालिका चालू असताना कोणताही विश्वचषक पणाला लागलेला नव्हता. कर्णधाराने ‘हा माझा शेवटचा सामना’ असे आधी सांगितले असते, तर ३१ ऑक्टोबरच्या अंतिम सामन्याचा आठवडा केवळ त्याच्या निरोपाचा आठवडा होऊन बसला असता. डॅन कार्टर, मा नोनू, कॉनरॅड स्मिथ, केव्हन मेआलामू हेही त्याच सामन्यात शेवटचे खेळत होते. लंडनच्या ट्विकनहॅमवर ऑस्ट्रेलियाला ३४-१७ असे हरवल्यावर जो जल्लोष झाला तो सर्वांचा होता, आणि मला वाटते की मॅकॉला तेच हवे होते.

आणखी एक गोष्ट. निवृत्तीची घोषणा झाली त्याच्या आदल्या दिवशी न्यूझीलंडचा विख्यात माजी रग्बीपटू जोना लोमू याचे निधन झाले. सगळा देश सुन्न होता. मॅकॉने आपल्याविषयी एक शब्द बोलण्यापूर्वी लोमूला आदरांजली वाहिली. ज्याच्या निरोपाची वाट सारे पाहत होते त्याने तो दिवस आधी दुसऱ्याला दिला, आणि चाहत्यांनीही ते समजून घेतले. मला या घटनेत कर्णधार आणि त्याचे चाहते दोघेही मोठे दिसतात.

सिडनीस्थित

मी गेली अठरा वर्षे ऑस्ट्रेलियात राहतो, त्यामुळे माझे मत पक्षपाती वाटण्याचा संभव आहे. तरीही ते पूर्ण विचारान्ती मांडतो.

मॅकॉ ओपनसाइड फ्लँकर होता, म्हणजे टॅकल (चेंडू घेतलेल्या खेळाडूला पकडून खाली पाडणे) होताच सर्वांत आधी पोहोचून प्रतिस्पर्ध्याचा चेंडू हिरावणे हे त्याचे काम. हे काम तो नियमांच्या अगदी काठावर आणि पुष्कळदा काठापलीकडे जाऊन करत असे, ही तक्रार फक्त आमच्याकडचीच नव्हती. इंग्लंड, वेल्स, दक्षिण आफ्रिका, सगळीकडे ती होती. चुकीच्या बाजूने रकमध्ये (जमिनीवरच्या चेंडूभोवती दोन्ही संघांच्या झुंजीत) शिरणे, टॅकल केल्यावर बाजूला व्हायला लावलेला उशीर, ऑफसाइड रेषेवर घुटमळणे, हे सारे करूनही त्याला पिवळे कार्ड फार क्वचित मिळाले. २०१५ च्या विश्वचषकात अर्जेंटिनाविरुद्ध त्याने पाय आडवा घालून खेळाडूला पाडले आणि त्याला दहा मिनिटे बाहेर बसावे लागले, तेव्हा वेम्बलीवरच्या ८९,०१९ प्रेक्षकांतून जी हुर्यो उठली तिच्यामागे अनेक वर्षांचा हा राग होता. न्यूझीलंडच्या चाहत्यांनी मात्र या साऱ्याला ‘चतुराई’ म्हणून गौरवले.

परंतु माझा खरा आक्षेप याहून गंभीर आहे. २०११ मध्ये ब्रिस्बेनच्या सामन्यात क्वेड कूपरचा गुडघा मॅकॉच्या डोक्याला लागला. चौकशी झाली आणि कूपर त्यातून निर्दोष सुटला. त्यानंतर विश्वचषक न्यूझीलंडमध्ये भरला तेव्हा कूपरने चेंडूला हात लावला की प्रत्येक मैदानावर त्याची हुर्यो उडवली जात असे, अगदी ज्या सामन्याशी न्यूझीलंडचा काही संबंध नव्हता तिथेसुद्धा. ऑस्ट्रेलियाकडून खेळणारा कूपर मूळचा टोकोरोआचा, म्हणजे न्यूझीलंडमधलाच. स्वतःच्या मातीतल्या तेवीस वर्षांच्या मुलाला संपूर्ण देशाने स्पर्धाभर असे वागवले, आणि ते कशासाठी, तर त्यांच्या कर्णधाराला त्याने दुखावले म्हणून. दक्षिणतारा, आपण व्हिक्टोरिया पार्कमधल्या टाळ्यांचे वर्णन केले आहे. ती हुर्यो आणि त्या टाळ्या यांत मला एकाच भक्तीची दोन रूपे दिसतात.

जिमखाना_सात

मुंबईत बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर मी काही वर्षे सात क्रमांकाच्याच, म्हणजे ओपनसाइड फ्लँकरच्या, जागेवर खेळलो आहे, म्हणून केवळ खेळापुरते बोलतो.

त्या काळच्या नियमानुसार टॅकल करणारा खेळाडू पकड सोडून पायांवर उभा राहिला की तो कोणत्याही दिशेने चेंडूला हात घालू शकत होता. त्याने स्वतःच्या बाजूनेच आले पाहिजे असा बदल मॅकॉ निवृत्त झाल्यानंतर, २०१७-१८ च्या सुमारास झाला. त्यामुळे आज त्याची जुनी चित्रफीत पाहून ‘हा तर उघड अपराध आहे’ असे जे वाटते ते बऱ्याच वेळा त्या वेळच्या नियमात बसणारे होते. शिवाय तो पहिल्या दहा मिनिटांत पंचांचा कल जोखत असे आणि त्यानुसार खेळ बदलत असे. हे मी स्वतः करून पाहिले आहे आणि बहुतेकदा फसलो आहे, कारण छातीवर शंभर किलोचा माणूस आदळत असताना पंचांचा आवाज ऐकत राहणे फार कठीण असते. अर्जेंटिनाविरुद्धच्या त्या पाय घालण्याचे समर्थन मी करणार नाही. ती चूक होती आणि मॅकॉनेही ती जाहीरपणे मान्य केली.

अस्थिवैद्य

सर्वांनी एक बाब बाजूला ठेवलेली दिसते. २०११ चा विश्वचषक मॅकॉ मोडलेल्या पायाने खेळला. त्याच वर्षी त्या पायात स्क्रू बसवलेला होता, स्पर्धेदरम्यान हाड पुन्हा दुखावले, आणि त्याने तपासणीची प्रतिमा काढणेच टाळले, कारण त्यात काय दिसेल हे त्याला ठाऊक होते. निवृत्तीच्या वेळी त्याच्या गौरवात ही गोष्ट सर्वांत जास्त वेळा सांगितली गेली. मी रोज शाळकरी खेळाडूंचे पाय तपासतो. दुखणे लपवून मैदानात उतरलेली मुले आणि त्यांचे अभिमानाने भरलेले पालक माझ्यासमोर बसलेले असतात, म्हणून ही गोष्ट मला शौर्यकथा म्हणून ऐकवत नाही.

पायाचे हाड तरी जुळून येते. २००४ मध्ये मॅकॉ डोक्याला बसलेल्या मारामुळे काही काळ खेळाबाहेर होता, हेही विसरू नये. २००७ च्या त्या कार्डिफच्या सामन्यात त्याच्यासोबत खेळलेला प्रॉप (पुढच्या फळीतला खेळाडू) कार्ल हेमन याने २०२१ मध्ये, वयाच्या बेचाळिशीच्या आसपास, आपल्याला स्मृतिभ्रंश झाल्याचे जाहीर केले. इंग्लंडचा स्टीव्ह थॉम्पसन २००३ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघात होता आणि तो विश्वचषक जिंकल्याचे त्याला आठवत नाही. ज्या खेळात माणसांची अशी किंमत मोजली जाते तिथे कर्णधाराच्या सहनशक्तीवर टाळ्या वाजवणाऱ्या चाहत्यांनी आपण नेमके कशाचे कौतुक करत आहोत याचा विचार करायला हवा होता.

दक्षिणतारा

डॉक्टर, आपला प्रतिसाद वाचून मी दोन दिवस काही लिहिले नाही. मोडलेल्या पायाची ती गोष्ट मी माझ्या मुलाला किमान दहा वेळा सांगितली आहे, आणि प्रत्येक वेळी मोठ्या अभिमानाने सांगितली आहे. तो इथे शाळेच्या संघात खेळतो. गेल्या हंगामात मनगट सुजलेले असताना त्याने ते आमच्यापासून चार दिवस लपवले होते. त्या दोन गोष्टींचा संबंध मी आजवर जोडला नव्हता. आपल्या मुद्द्याला माझ्याकडे उत्तर नाही. तो मला पूर्णपणे मान्य आहे.

सिडनीस्थित यांच्या म्हणण्यातील कूपरविषयीचा भागही मी नाकारत नाही. मी त्या हुर्योत सामील नव्हतो असे म्हणता आले असते तर बरे झाले असते, पण ते खरे नाही. तरीही दोन्ही एकच आहेत हे मला पटत नाही. हुर्यो ही काही आठवड्यांपूर्वीच्या एका गुडघ्यावरची प्रतिक्रिया होती, तर टाळ्यांच्या मागे आठ वर्षांचा हिशेब होता. आणि ज्याच्या नावाने हे सारे झाले त्या माणसाने स्वतःचे देव्हारे माजू दिले नाहीत. २०११ नंतर पंतप्रधान जॉन की यांनी ‘सर’ या किताबाविषयी विचारले तेव्हा त्याने नकार दिला. पुढे २०१६ च्या नववर्ष सन्मानांत त्याला ऑर्डर ऑफ न्यूझीलंड मिळाले. हा देशाचा सर्वोच्च सन्मान असला तरी त्यामुळे नावाआधी ‘सर’ लागत नाही. आजही लोक त्याला रिचीच म्हणतात.

वानखेडेकर

लोमूच्या निधनाचा आणि घोषणेचा क्रम माझ्या लक्षात नव्हता. पत्रकार परिषदेबद्दलची माझी तक्रार मी मागे घेतो. ईडन पार्कवरच्या त्या ऑगस्टच्या सामन्याबद्दलची मात्र घेत नाही. अंतिम सामन्याच्या आठवड्याचे कारण तिथे लागू पडत नाही, आणि त्या रात्री मैदानात असलेल्या लोकांना ते सांगता आले असते.

सिडनीस्थित

दक्षिणतारा, आपण त्या हुर्योत असल्याचे प्रांजळपणे सांगितले, त्याबद्दल आभार. परंतु मग माझा प्रश्न अधिकच रास्त ठरतो. कार्डिफनंतर मॅकॉला ‘काढा’ म्हटल्याची भरपाई न्यूझीलंडच्या चाहत्यांनी आठ वर्षांनी केली, असे आपण म्हणता. कूपर २०२१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या संघात परतला आणि दक्षिण आफ्रिकेविरुद्ध अगदी शेवटच्या किकवर त्याने सामना जिंकून दिला. त्याच्या वाट्याची भरपाई टोकोरोआच्या लोकांनी, किंवा आपण स्वतः, कधी केली का?

दक्षिणतारा

नाही केली. तो सामना मी पाहिला होता, आणि ती किक खांबांमधून गेली तेव्हा मी घरात एकटाच उभा राहिलो होतो; पण हे आजवर कुणाला सांगितले नव्हते.