मदत हवी आहे: ग्रंथालय अधिवेशनातला कचरा कमी कसा करावा?

नमस्कार मंडळी. यंदा जिल्हा ग्रंथालय संघाचं दोन दिवसांचं अधिवेशन आमच्या गावात आहे, साधारण ३०० प्रतिनिधी येतील. मागच्या वेळी मंडप उतरवताना अर्धवट प्यायलेल्या पाण्याच्या बाटल्या मी स्वतः गोळा केल्या. दोन पोती भरली. फार वाईट वाटलं. प्लास्टिकचे पेले १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहेत, पण कागदी कपालाही आतून प्लास्टिकचाच थर असतो. म्हणून यंदा माठ आणि स्टीलचे पेले ठरवलेत. ते धुवायची सोय तुम्ही कशी केलीत? बचत गटाला काम दिलंय का कुणी?

खरी अडचण स्मरणिकेची. जाहिरातदारांना छापील प्रतच हवी असते. मोजक्याच प्रती छापून बाकीच्यांना पीडीएफ दिली, तर जाहिराती मिळतात का? अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.